टीव्ही बसवताना दाबलेलं 'सहमत' मागे घ्यायचं कसं

दसरा-दिवाळीत किंवा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दुकानांतून जे टीव्ही घरोघरी जातात, ते बहुतेक घरमालक स्वतः सुरू करत नाहीत. दुकानाचा नाहीतर कंपनीचा पोरगा येतो, भिंतीला ड्रिल मारतो, स्टँड कसतो, वाय-फायचा पासवर्ड विचारतो आणि पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या पानांवर 'ॲग्री', 'ॲग्री', 'कंटिन्यू' दाबत सुटतो. त्याला पुढच्या गिऱ्हाइकाकडे पारोळ्याला नाहीतर भडगावला जायचं असतं, त्यामुळे त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण तेवढ्या दोन मिनिटांत घरातल्या सगळ्यांच्या नावाने परवानग्या दिल्या जातात: काय पाहता ते नोंदायची, त्यावरून जाहिराती निवडायची, रिमोटवर बोललेलं सर्व्हरवर पाठवायची. त्यातल्या बऱ्याचशा परवानग्या आजही मागे घेता येतात. एक निवांत दुपार, टीव्हीचा रिमोट, वाय-फायचा पासवर्ड आणि ज्याच्या खात्यावर टीव्ही चालतो त्याचा फोन एवढं जवळ असलं की काम होतं.

टीव्ही नक्की काय टिपतो

या यंत्रणेचं नाव ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन, थोडक्यात एसीआर. पडद्यावरच्या चित्रातले काही ठिपके किंवा आवाजाचा बारीक तुकडा घेऊन टीव्ही त्याचा अंगठ्यासारखा एक ठसा तयार करतो. तो ठसा कंपनीच्या साठ्यातल्या ठशांशी ताडला जातो. जुळला की कोणतं चॅनेल, कोणता कार्यक्रम, कोणती जाहिरात, किती वेळ, हे सगळं नोंदलं जातं. चित्र कुठून आलं याच्याशी एसीआरला देणंघेणं नसतं. केबलचा बॉक्स असो की एचडीएमआयला जोडलेला लॅपटॉप, पडद्यावर उमटलं की ते त्याच्या नजरेत आलं.

अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने २०१४ पासून सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवरून लोकांना नीट न सांगता अशी सेकंदासेकंदाची नोंद घेतली आणि विकली, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं गेलं. २०२४ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, कॅलिफोर्निया विद्यापीठ (डेव्हिस) आणि माद्रिदच्या कार्लोस तिसरा विद्यापीठातल्या संशोधकांनी सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींतून बाहेर जाणारी माहिती तपासली. ही तपासणी ब्रिटन आणि अमेरिकेतली होती. एचडीएमआयवर बाहेरचं उपकरण लावलं तरी एसीआर चालू राहतं, हे तिथे दिसलं. नेटफ्लिक्स, यूट्यूबसारख्या ॲपमध्ये मात्र ते तसं चालत नव्हतं. आपल्यासाठी सर्वांत कामाचा निष्कर्ष वेगळाच: सेटिंगमधून नकार दिल्यावर एसीआरच्या सर्व्हरकडे जाणारी रहदारी थांबली. 'बंद केलं तरी ते ऐकतातच' हे कट्ट्यावरचं वाक्य निदान त्या चाचणीत तरी खोटं ठरलं.

पेनड्राइव्हचंही ऐका. लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवरून लावायची आपल्याकडे पद्धतच आहे. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका ग्राहकाने दाखवून दिलं, की त्याच्या एलजी टीव्हीतून पेनड्राइव्हमधल्या फाइलींची नावंसुद्धा बाहेर जात होती आणि माहिती गोळा करण्याचा पर्याय बंद असतानाही जात होती. नंतर कंपनीने दुरुस्तीचं अपडेट देण्याचं जाहीर केलं. म्हणून पुढे दिलेला नेटवर्कचा उपाय सेटिंगच्या जोडीला असावा.

आणखी एक गल्लत होते. टीआरपी मोजणारे लोकही असंच करतात, असं पुष्कळांना वाटतं. टीआरपी मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेची पद्धत निराळी आहे. निवडलेल्या घरांत संमतीने यंत्र बसतं, वाहिन्यांच्या आवाजात आधीच मिसळलेली खूण ते ओळखतं आणि घरातला माणूस बटण दाबून 'मी पाहतोय' असं सांगतो. तुमच्या घरात तसं यंत्र नसेल तर टीआरपीवाल्यांचा तुमच्याशी संबंध नाही.

आधी पाहा, टीव्ही कोणाच्या नावावर चालतो

एसीआर बंद करण्याआधी हे बघा, कारण इथली गळती जास्त मोठी असते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही गूगल खातं मागतो. बसवणाऱ्याला घाई असली आणि घरात कोणाला आपला पासवर्ड आठवत नसला, की कधी कधी तो स्वतःचंच खातं टाकून मोकळा होतो. मग तुम्ही पाहिलेलं प्रत्येक अहिराणी गाणं त्याच्या फोनच्या यूट्यूबवर उमटत राहतं. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे पुण्या-मुंबईतल्या मुलाचं खातं. आई-आबा गावी कीर्तन आणि कापसावरच्या फवारणीचे व्हिडिओ पाहतात, आणि पुण्यात मुलाच्या फोनवर बोंडअळीच्या औषधांच्या जाहिराती सुरू होतात. उलटंही घडतं: मुलाने फोनवर काय शोधलं ते गावच्या टीव्हीच्या पहिल्या ओळीत येतं, तेही कानबाईच्या सणाला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना.

यूट्यूब ॲप उघडा आणि डावीकडच्या पट्टीतल्या चित्रावर जा, खात्याचं नाव दिसेल. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट्स अँड साइन-इन' पाहा. अनोळखी खातं असेल तर तिथूनच 'रिमूव्ह' करा. स्वतःचं खातं कुठल्या टीव्हीवर राहून गेलं असेल, तर फोनवर गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावरच्या 'युअर डिव्हायसेस'मध्ये तो टीव्ही सापडतो आणि तिथून साइन-आउट करता येतं. त्यासाठी टीव्हीपाशी जायची गरज नाही.

मग टीव्हीसाठी एक वेगळं गूगल खातं काढा. त्यात कार्ड जोडू नका, फोनमधले संपर्क चढवू नका. यूट्यूब ॲपच्या सेटिंगमध्ये 'पॉज वॉच हिस्टरी' आणि 'पॉज सर्च हिस्टरी' असतं. ते चालू केलं की नवी नोंद थांबते. जुनी पुसायला त्याच पानावर 'क्लिअर' आहे. याचा तोटा असा, की यूट्यूब तुमच्या आवडीचं सुचवणं सोडून देतं आणि पहिलं पान ओस पडल्यासारखं दिसतं. ज्या घरात वडीलधारी माणसं शोधायला टाइप करत नाहीत, तिथे इतिहास थांबवू नका. खातं वेगळं केलं तेवढं त्यांना पुरे.

आता टीव्हीच्या पोटातले पर्याय

टीव्हीचा मेनू हिंदी किंवा मराठीत ठेवला असेल तर थोडा वेळ इंग्रजीत करा. खालची नावं इंग्रजी मेनूतली आहेत आणि भाषांतरात ती ओळखू येत नाहीत. मॉडेल आणि सॉफ्टवेअरप्रमाणे मार्ग थोडा इकडेतिकडे होतो. नाव सापडलं नाही तर 'प्रायव्हसी', 'टर्म्स', 'ॲग्रीमेंट' हे तीन शब्द असलेली पानं चाळा.

सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, ऑल सेटिंग्ज, जनरल अँड प्रायव्हसी, टर्म्स अँड प्रायव्हसी असं जा. जुन्या मॉडेलांत हेच पान 'सपोर्ट'खाली 'टर्म्स अँड पॉलिसी' नावाने असतं. तिथे 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' म्हणजेच एसीआर. त्यावरची खूण काढा. 'इंटरेस्ट-बेस्ड ॲडव्हर्टायझिंग'वरचीही काढा. 'व्हॉइस रेकग्निशन' हवं-नको तुम्ही ठरवा, ते काढलं तर रिमोटच्या माइकवर बोलून शोधता येणार नाही. सगळ्यात वरच्या मूळ अटी आणि प्रायव्हसी नोटीस नाकारू नका. त्याशिवाय ॲप आणि स्मार्ट सोयी चालत नाहीत आणि मग घरचे वैतागून पुन्हा सगळंच्या सगळं 'ॲग्री' करतात. इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते.

एलजीमध्ये दोन ठिकाणी काम आहे, आणि बरेच जण एकच करून थांबतात. पहिलं: ऑल सेटिंग्ज, जनरल, सिस्टिम, ॲडिशनल सेटिंग्ज, तिथे 'लाइव्ह प्लस' (एलजीचं एसीआर) बंद करा. दुसरं: सपोर्टमधल्या 'प्रायव्हसी अँड टर्म्स'मध्ये 'युझर ॲग्रीमेंट्स' उघडा. जुन्या टीव्हीत ते जनरल, अबाउट धिस टीव्ही इथे असतं. 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन', 'व्हॉइस इन्फर्मेशन' आणि जाहिरातींचा करार यांच्या खुणा एकेक करून काढा. होम स्क्रीनवरच्या जाहिराती त्रास देत असतील तर त्याच ॲडिशनल सेटिंग्जमधल्या 'होम सेटिंग्ज'मध्ये 'होम प्रमोशन' बंद करता येतं.

गूगल टीव्ही आणि अँड्रॉइड टीव्हीवर, मग तो सोनी, टीसीएल, शाओमी, व्हू कोणाचाही असो, गूगलचे पर्याय सारखेच. सेटिंग्जमधलं 'प्रायव्हसी' पान उघडून 'ॲड्स'मध्ये जा. जाहिरात-ओळख ('ॲडव्हर्टायझिंग आयडी') पुसायचा पर्याय असेल तर पुसा, नसेल तर 'ऑप्ट आउट ऑफ ॲड्स पर्सनलायझेशन' चालू करा. 'युसेज अँड डायग्नोस्टिक्स' बंद. 'ॲप परमिशन्स'मध्ये 'मायक्रोफोन' उघडून पाहा. तिथे हवामान, वॉलपेपर, 'क्लीनर' असलं एखादं ॲप माइकची परवानगी घेऊन बसलेलं दिसलं तर परवानगी काढण्यापेक्षा ॲपच काढून टाका. गूगल टीव्हीत खात्याच्या पानावर 'ॲप्स ओन्ली मोड' आहे. तो चालू केला की होम स्क्रीनवर सुचवण्यांच्या ओळी जाऊन नुसती ॲप उरतात, आणि आजीलाही तेच सोपं पडतं. हे झालं गूगलपुरतं. टीव्ही बनवणाऱ्याचे करार निराळे असतात. सोनीच्या काही टीव्हींत 'सांबा इंटरॲक्टिव्ह टीव्ही' नावाने एसीआर येतं, दिसलं तर ते बंद करा. इतर कंपन्यांत 'युझर एक्सपिरियन्स प्रोग्रॅम' किंवा 'लीगल' असं पान शोधा.

फायर टीव्ही स्टिक असेल तर सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, प्रायव्हसी सेटिंग्ज. तिथे 'डिव्हाइस युसेज डेटा', 'कलेक्ट ॲप युसेज डेटा' आणि 'इंटरेस्ट-बेस्ड ॲड्स' ही तिन्ही बंद. अलेक्साशी बोललेलं पुसायचं तर ते फोनवरच्या अलेक्सा ॲपमधून.

माइकबद्दल एक खुलासा. रिमोटवरचा माइक बटण दाबल्यावरच ऐकतो. ज्या टीव्हीला रिमोटशिवाय हाक मारता येते, त्याचा माइक पडद्याच्या चौकटीत असतो आणि बहुधा खालच्या कडेला त्याची सरकती कळ असते. भिंतीला चिकटून बसवलेल्या टीव्हीत ती बोटाने चाचपावी लागते. कळ सरकवून बंद केली की सेटिंगच्या भानगडीत पडायचं काम नाही.

राउटरवर पहारा

सेटिंग हे कंपनीने दिलेलं वचन आहे. आपल्या हातातला उपाय म्हणजे टीव्हीला पत्ते शोधून देणारा डीएनएस बदलणं. ॲडगार्ड या कंपनीचा मोफत डीएनएस जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या बऱ्याच सर्व्हरचे पत्ते देतच नाही. त्याचे आकडे ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५.

राउटरमध्ये बदलला तर घरातल्या सगळ्या उपकरणांना लागू होतो, पण फायबरवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये ती जागा पुष्कळदा कुलूपबंद असते. मग टीव्हीतच बदला. अँड्रॉइड टीव्हीवर असं:

१. सेटिंग्ज, नेटवर्क, तुमच्या वाय-फायचं नाव. तिथे दिसणारा आयपी पत्ता (टीव्हीचा नेटवरचा क्रमांक) आणि गेटवे (राउटरचा क्रमांक) कागदावर लिहून घ्या. जिओच्या राउटरचा गेटवे साधारण १९२.१६८.२९.१, इतर बऱ्याच राउटरांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो.

२. 'आयपी सेटिंग्ज'मध्ये 'स्टॅटिक', म्हणजे पत्ता हाताने भरायचा पर्याय, निवडा. आयपी पत्त्याचे पहिले तीन भाग तेच ठेवा, शेवटचा मोठा आकडा द्या, उदाहरणार्थ २००. लहान आकडे राउटर फोनना वाटत असतो, तिथे टक्कर होते आणि कधी टीव्ही तर कधी फोन नेटवरून पडतो.

३. गेटवे कागदावरचाच. 'प्रीफिक्स लेंग्थ' २४.

४. डीएनएस १ आणि डीएनएस २ मध्ये वरचे दोन आकडे. सेव्ह करून टीव्ही बंद-चालू करा.

सॅमसंगमध्ये नेटवर्क स्टेटसमधल्या 'आयपी सेटिंग्ज'मध्ये आणि एलजीत वाय-फायच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'एडिट' करून नुसता डीएनएस हाताने भरता येतो. तिथे आयपी बदलायची गरज नाही.

बिघडतं कुठे? यूट्यूबच्या जाहिराती याने थांबत नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. काही ॲप जाहिरात आली नाही की काळ्या पडद्यावर गोल गोल फिरत बसतात. सामना सुरू व्हायला पाच मिनिटं असताना असं झालं तर वाद न घालता 'आयपी सेटिंग्ज' पुन्हा 'डीएचसीपी'वर, म्हणजे राउटरनेच पत्ता द्यायच्या पर्यायावर, टाका. वीज जाऊन आल्यावर नेट येत नसेल तर आधी राउटर पूर्ण सुरू होऊ द्या, मग टीव्ही लावा. फायबरवाल्याने राउटर बदलला तर गेटवेही बदलतो आणि स्टॅटिक ठेवलेला टीव्ही आंधळा होतो. तिथेही उपाय तोच, डीएचसीपी. शिवाय काही टीव्ही तुम्ही दिलेला डीएनएस बाजूला ठेवून गूगलच्या ८.८.८.८ कडेच जातात. त्यांच्यापुढे हा पहारा लंगडा पडतो.

राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर टीव्ही त्यावर टाका, म्हणजे घरातला लॅपटॉप आणि फोन त्याला दिसणार नाहीत. मात्र त्याच कारणाने फोनवरून टीव्हीवर कास्ट करणंही बंद पडतं. फोटो-व्हिडिओ कास्ट करणाऱ्या घरात हे झेपत नाही.

ज्या घरात टीव्ही फक्त केबल किंवा डीडी फ्री डिशवर चालतो, तिथे तर काहीच करू नका, वाय-फाय जोडूच नका. छत्रीकडून येणारा सिग्नल एकेरी असतो, फ्री डिशच्या बॉक्सला परत काही सांगायची वाटच नाही. नेटवर चालणारे सेट-टॉप बॉक्स, जिओचा किंवा एअरटेल एक्स्ट्रीम, यांना ती वाट असते. त्यामुळे टीव्हीचं नेट काढून बॉक्स जोडला तर टीव्हीवाली कंपनी बाहेर पडते, बॉक्सवाली आत राहते. बॉक्समध्येही वरचे गूगलचे पर्याय शोधा.

आपल्याकडे बोर्डावरचं बटणच बंद करायची सवय आहे, व्होल्टेजच्या भीतीने. चांगली सवय आहे, त्याने टीव्ही स्टँडबायमध्ये राहून नेटवर गप्पा मारत बसत नाही. पण पाहतानाची नोंद त्याने थांबत नाही.

स्वस्तातला 'अँड्रॉइड' टीव्ही

अनोळखी नावाच्या, भलत्याच स्वस्त टीव्हीत आणि यूएसबी चार्जरवर चालणाऱ्या बॉक्समध्ये प्रश्न पाळतीपलीकडे जातो. त्यांत गूगलने प्रमाणित केलेली प्रणाली नसते, फुकट मिळणारं अँड्रॉइड घालून वर टीव्हीसारखा मुखवटा चढवलेला असतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०'बद्दल इशारा दिला. अशा उपकरणांत कारखान्यातच, किंवा सुरुवातीला उतरवायला लावलेल्या ॲपमधून, घातक प्रोग्रॅम शिरतो आणि घरचं नेट दुसऱ्याच्या गुन्ह्यांसाठी वापरलं जातं. चौकशी आली तर आयपी पत्ता तुमचा निघतो.

दुकानात उभं असतानाच तपासा. प्ले स्टोअर उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र आहे का पाहा. प्ले स्टोअरच्या जागी भलतंच स्टोअर असेल किंवा पडदा मोठ्या फोनसारखा दिसत असेल तर समजून जा. घेऊन बसला असाल तर फेकायची गरज नाही. त्याचं वाय-फाय 'फरगेट' करा, एचडीएमआयला ओळखीच्या कंपनीची प्रमाणित स्टिक लावा आणि त्याचा नुसता पडदा वापरा. 'सगळी चॅनेल फुकट' म्हणून पेनड्राइव्हवरून कोणी ॲप टाकून देत असेल तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

अपडेटनंतर, कायद्यात आणि टीव्ही घराबाहेर जाताना

मोठं अपडेट आलं की कधी कधी अटींचं पान पुन्हा येतं आणि 'सर्व स्वीकारा' हे बटण आधीच उजळलेलं असतं. पोरांनी कार्टूनच्या घाईत ते दाबलं की सगळं पहिल्यासारखं. फॅक्टरी रीसेटनंतर तर हमखास. म्हणून अपडेट दिसलं की एसीआरचं पान उघडून पाहायचं, एका मिनिटाचं काम आहे.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं आणि तुमचे हक्क १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायचे आहेत. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, आपली माहिती पाहता आणि पुसायला सांगता आली पाहिजे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवता येणार नाही, असं कायदा म्हणतो. कंपनीच्या प्रायव्हसी पानावर तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल असतो. त्यावर टीव्हीचा सीरियल नंबर देऊन 'माझ्या पाहण्याची साठवलेली नोंद पुसा' असं आजही लिहिता येतं. सीरियल नंबर टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो. टीव्ही भिंतीवर चढण्याआधीच त्याचा फोटो काढून ठेवा.

एक्स्चेंजमध्ये जुना टीव्ही देताना गूगल, अॅमेझॉन, नेटफ्लिक्स सगळीकडून साइन-आउट करून मगच फॅक्टरी रीसेट करा. तो दुकानात जाऊन तसाच्या तसा दुसऱ्या घरात बसतो. दुरुस्तीचं मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. पडदा गेला तर पडदा बदलतात, पण खाती, पासवर्डच्या खुणा, वाय-फाय हे सगळं मेन बोर्डावरच्या मेमरी चिपमध्ये असतं. कारागीर बोर्ड बदलतो तेव्हा ते जुन्या बोर्डाबरोबर त्याच्या खोक्यात जातं. बाहेरच्या कारागिराकडून जुना बोर्ड मागून घ्या. वॉरंटीत कंपनी तो परत देत नाही, तेव्हा टीव्ही सुरू होत नसला तरी माणूस यायच्या आधी फोनवरून त्या टीव्हीचं साइन-आउट करा आणि वाय-फायचा पासवर्ड बदलून टाका.